चौपाखी कौलारू छप्पर: वासे आणि कोनवासे हिशेबाने कसे कापायचे?

लालमाती

रत्नागिरी जिल्ह्यातलं चिऱ्याचं घर आहे. भिंतीवरच्या बीमचं माप बाहेरून बाहेर २० फूट × ३० फूट. वर चौपाखी छप्पर (चार बाजूंना चार उतरते पाखे) आणि मंगलोरी कौलं. लाकडाऐवजी लोखंडी पाइपांचे वासे, २ इंच रुंद आणि ४ इंच उंच, दोन-दोन फुटांवर. वळचण चारही बाजूंनी आडव्या मापात २ फूट बाहेर. चारही पाख्यांना उतार एकच ठेवायचा आहे.

घोळ उतारापासूनच सुरू होतो. ड्रॉइंगवर ३० अंश लिहिलंय. सुतार म्हणतो, ३० अंश म्हणजे निम्मा उठाव, १० फुटांना ५ फूट. फॅब्रिकेटरने कोटेशनमध्ये ३० टक्के धरलेत. हे तिन्ही एकच का?

दुसरं म्हणजे कोनवासा, दोन पाखे जुळतात त्या कोपऱ्यावरचा तिरपा वासा. बीमच्या कडेपासून आढ्यापर्यंत (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या पाइपापर्यंत) साधा वासा ११.५५ फूट येतो. कोनवासा कोपऱ्यातून ४५ अंशांत जातो म्हणून त्याला १.४१४ ने गुणलं, तर १६.३३ फूट आले. ड्रॉइंगवर मात्र १५ फूट ३ इंच आहे. एका फुटाचा फरक कसा? पाइप आणायच्या आधी हे निस्तरायचंय.

काटकोन_त्रिकोण

तिन्ही वेगळे आहेत. पाया, म्हणजे वाशाचं आडवं माप, १० फूट (२० चा निम्मा) धरून बघा.

३० अंश असेल तर उठाव = १० × टॅन ३० = १० × ०.५७७४ = ५.७७ फूट, म्हणजे ५ फूट ९ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

सुताराच्या ५ फुटांचा कोन २६.६ अंश होतो. ही चूक सगळीकडे भेटते आणि तिचं मूळ शाळेच्या भूमितीत आहे. ३०-६०-९० च्या प्रमेयात ३० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते. इथे कर्ण म्हणजे वासा. सुताराने तो निम्मा पायाला लावला. वासा ११.५५ आणि उठाव ५.७७ हे पाहिलं की निम्मं कशाचं ते लगेच दिसतं.

३० टक्के म्हणजे १०० आडवे आणि ३० उभे. उठाव फक्त ३ फूट, कोन १६.७ अंश. मंगलोरी कौलाला हा उतार कोकणात चालणारच नाही. वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं वर चढतं. कोटेशन स्वस्त दिसत असेल तर त्याचंही कारण हेच आहे. वळचणीसकट आडवं क्षेत्रफळ २४ × ३४ = ८१६ चौरस फूट. ३० टक्क्यांना छपराचं क्षेत्रफळ सुमारे ८५२ होतं, ३० अंशांना ९४२. नव्वद चौरस फुटांचं छप्पर हिशेबात आलेलंच नाही. काम सुरू झाल्यावर ते "जादा काम" म्हणून तुमच्या बिलात येईल.

जागेवर कोन मोजत बसायचं नसेल तर "बाराला सात" धरा, म्हणजे दर फुटाला ७ इंच उठाव. कोन ३०.२६ अंश येतो आणि आढं ५ फूट १० इंचांवर जातं. दोन्हींतला फरक सहा सूतच आहे, पण एकदा ठरवलं की सगळं त्याच मापाने कापायचं. वासे ३० अंशांनी आणि कोनवासे बाराला सातने कापले की आढ्याच्या टोकाला ते एकमेकांना भेटत नाहीत आणि मग वेल्डर फट भरत बसतो. खाली मी ३० अंशच धरतोय.

आता कोनवासा. १.४१४ ने फक्त पाया गुणायचा. उठाव गुणायचा नाही, कारण कोनवासाही त्याच आढ्याला जाऊन मिळतो. तो काही जास्त उंच चढत नाही. तुम्ही आख्खा कर्ण गुणलात, त्यात उठावही १.४१४ पट झाला. बरोबर असं:

पाया = १० × १.४१४ = १४.१४ फूट
उठाव = ५.७७ फूट
कोनवासा = √(२०० + ३३.३३) = √२३३.३३ = १५.२८ फूट, म्हणजे १५ फूट ३ इंच २ सूत

ड्रॉइंग बरोबर आहे. उठाव तोच आणि पाया लांब, म्हणून कोनवाशाचा कोनही ३० नाही. टॅन = ५.७७ ÷ १४.१४ = ०.४०८, म्हणजे २२.२ अंश.

वळचण धरून पुन्हा तेच करायचं, फक्त पाया १० ऐवजी १२. उठाव ६.९३ फूट. वासा = १२ ÷ कॉस ३० = १३.८६ फूट, म्हणजे १३ फूट १० इंच २ सूत. कोनवासा = √(२८८ + ४८) = √३३६ = १८.३३ फूट, म्हणजे १८ फूट ४ इंच. आढं ३० − २० = १० फूट लांब.

वळचणीचं टोक बीमच्या पातळीपेक्षा २ × ०.५७७ = १.१५ फूट, म्हणजे जवळजवळ १४ इंच खाली येतं. खिडक्या बाहेर उघडणाऱ्या असतील तर हे आत्ताच तपासा. पल्ले पन्हळीला आपटतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जाता जाता: √२ साठी मिस्त्रीलोक "बाराला सतरा" वापरतात, तो आकडा फार जुना आहे. बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) असं दिलंय. पहिली तीन पदं मिळवली की नेमके १७/१२ होतात. शेवटचं पद ही बारीक दुरुस्ती. तुमच्या १२ फूट पायाला १७/१२ वापरलं तर आडव्या मापात तीन सुतांची चूक येते. वेल्डिंगच्या कामात ती खपते, लाकडाच्या सांध्यात नाही.

ओळंबा

वरचे आकडे बरोबर आहेत, पण खालचा चौकोन २० × ३० चा खरा काटकोनी आहे असं धरून. चिऱ्याच्या भिंतीत ते गृहीत धरू नका. पाइप कापायच्या आधी बीमचे दोन्ही कर्ण मोजा. √(४०० + ९००) = ३६.०५६ फूट, म्हणजे ३६ फूट आणि इंचाचा दोन तृतीयांश. नुसते दोन कर्ण एकमेकांइतके आले म्हणून खूश होऊ नका. समोरासमोरच्या बाजूही सारख्या हव्यात, नाहीतर समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच येतात.

कर्णांत ३ इंचांचा फरक निघाला, तर २० फुटांची बाजू एका टोकाला पावणेदोन इंचांच्या आसपास सरकलेली असते. अशा वेळी चार कोनवासे चार वेगळ्या मापांचे कापू नका. बीमवर दोरीने खरा २० × ३० चा आयत आखा, छप्पर त्या आयतावर बसवा आणि फरक वळचणीत जिरवा. खालून बघणाऱ्याला वळचणीतला दीड इंच कळत नाही. वाकडं आढं मात्र रस्त्यावरून दिसतं.

काटकोन आखताना ३-४-५ फुटांचा छोटा त्रिकोण वापरू नका, आणि गुण्या (काटकोन तपासायचं छोटं हत्यार) तर नाहीच नाही. ५ फुटांच्या कर्णात पाव इंच चुकलं की कोन अर्ध्या अंशाने फिरतो आणि ३० फुटांवर ती चूक तीन इंच होते. तेच पाव इंच १२-१६-२० च्या त्रिकोणात चुकलं तर ३० फुटांवर पाऊण इंच. त्रिकोण चौपट मोठा घेतला की चूक चौथाईवर येते. टेप दोघांनी ताणून धरायचा आणि शून्याच्या टोकाचा हूक ढिला असेल तर १ फुटाच्या खुणेपासून मोजायचं. तो १ फूट वजा करायला मात्र विसरू नका.

पाइप_वेल्डिंग

कापायच्या बाजूने सांगतो.

कटिंग मशीनच्या स्केलवर ० म्हणजे सरळ काप. वाशाच्या वरच्या टोकाचा काप आढ्याला टेकताना उभा, ओळंब्यात यायला हवा, त्यासाठी मशीन ३० वर लावायचं. वासा आणि ओळंबा यांच्यातला कोन ६० असतो म्हणून बरेच जण ६० लावायला जातात. मशीन तेवढं वळतही नाही, मग हाताने ग्राइंडर चालतो. कोनवाशाला २२.२. दोन्ही कापांना एकच सेटिंग ठेवलं की कोनवाशाच्या तोंडाशी पाचराच्या आकाराची फट राहते.

वरच्या सगळ्या लांब्या मध्यरेषेपर्यंतच्या आहेत. आढ्याचा पाइप २ इंच रुंद असेल तर त्याचा निम्मा, १ इंच, आडव्या मापात वजा होतो. उतारावर ते १ ÷ कॉस ३० = १ इंच १ सूत. म्हणजे कापताना वासा १३ फूट १० इंच २ सूत नाही, १३ फूट ९ इंच १ सूत.

कोनवाशाला येऊन टेकणारे तोकडे वासे सोपे आहेत. वरून बघितलं तर कोनवासा ४५ अंशांत जातो, त्यामुळे वळचणीच्या कोपऱ्यापासून वासा जितका दूर, तितकाच त्याचा पाया. २ फूट अंतरावर २.३१ फूट, ४ वर ४.६२, ६ वर ६.९३, ८ वर ९.२४, १० वर ११.५५ आणि १२ वर पूर्ण वासा १३.८६. प्रत्येक पायरीला २ फूट ३ इंच ६ सूत वाढतात. यातून कोनवाशाची अर्धी जाडी वजा करायची: तो ४५ अंशांत असल्याने १.४१ इंच आडवे, उतारावर १ इंच ५ सूत.

तोकड्या वाशाचा काप दुहेरी असतो. कोन मोजत बसू नका, खुणा करा. वरच्या २ इंची तोंडावर एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाताना खूण २ इंच अडीच सूत पुढे सरकवा (२ ÷ कॉस ३०). बाजूच्या ४ इंची तोंडावर वरून खाली येताना ४ × टॅन ३० ने सरकवा. तेही योगायोगाने २ इंच अडीच सूतच. निम्मे डावे आणि निम्मे उजवे कापायचे आहेत हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळे एकाच हाताचे निघतात.

सहा मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच. कापांची जोडी अशी लावा:

१३.८६ + ४.६२
११.५५ + ६.९३
९.२४ + ९.२४

तिन्हींची बेरीज १८.४८ फूट, दर पाइपमागे फूटभर उरतो. तोकड्या वाशांचं प्रत्येक माप ८ नग लागेल (चार कोनवासे, दोन बाजू). पूर्ण वासे लांब बाजूंना सहा-सहा आणि आखूड बाजूंना मधला एक-एक, असे १४. त्यांतल्या ८ पाइपांच्या तुकड्यांतून ४.६२ चे निघतात. उरलेल्या ६ पैकी चारांच्या तुकड्यांतून प्रत्येकी दोन २.३१ चे. मग ११.५५ आणि ६.९३ च्या जोडीला ८ पाइप, ९.२४ ला ४, कोनवाशांना ४ आणि आढ्याला १. एकूण ३१.

पाइपची जाडी आणि मधला आधार हे भाराचं काम आहे, या भूमितीतून ते कळत नाही. ते इंजिनीअरकडूनच घ्या.

लालमाती

खूप उपयोग झाला. दोन शंका राहिल्या. फोनच्या कॅल्क्युलेटरवर टॅन ३० टाकलं की −६.४०५ येतं. आणि मुलाच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ०.५०९५. तुमचं ०.५७७४.

शिवाय कोनवासा वाशाइतकाच ४ इंच उंच घेतला तर रिपा (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या) त्यावर टेंगूळ घेऊन जातील का?

काटकोन_त्रिकोण

फोन रेडियनमध्ये आहे, ते कोन मोजायचं वेगळं एकक. स्क्रीनवर रॅड लिहिलेलं असेल, ते डेग (अंश) करा. उणे उत्तर आलं की चूक निदान दिसते तरी. दुसरा कॅल्क्युलेटर जास्त घातक आहे. तो ग्रॅडमध्ये आहे, जिथे काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग पाडतात. ३० ग्रॅड म्हणजे २७ अंश, आणि टॅन २७ = ०.५०९५. आकडा पटण्यासारखा दिसतो म्हणून कोणी शंका घेत नाही, आणि आढं ८ इंच खाली येतं. कुठलाही कॅल्क्युलेटर हातात घेतला की आधी टॅन ४५ टाकायचं. १ आलं तरच पुढे जायचं. एक्सेल कायम रेडियनच धरतं, तिथे अंशांना आधी पायने (π) गुणून १८० ने भागा.

कॅल्क्युलेटरशिवायही चालतं. ३० अंशांसाठी बाजूंचं प्रमाण १ : √३ : २, आणि √३ साठी १.७३२ पाठ असलं की पुरे. १० ÷ १.७३२ म्हणजे उठाव, त्याची दुप्पट म्हणजे वासा.

पाइप_वेल्डिंग

टेंगूळ येत नाही, आणि त्याचंही कारण कोनातच आहे. ४ इंच उंचीचा पाइप तिरपा ठेवला की त्याची ओळंब्यातली उंची वाढते. वासा ३० अंशांत आहे, त्याची ४ ÷ कॉस ३० = ४.६२ इंच. कोनवासा २२.२ अंशांत, त्याची ४.३२. खालच्या कडा एका रेषेत ठेवल्या तर कोनवाशाचं वरचं तोंड मध्यावर ०.३ इंच खाली राहतं. दोन्ही पाखे मध्यापासून बाजूंना उतरत जातात, म्हणून मध्यापासून १ इंचावरच्या त्याच्या कडा पाख्याच्या पातळीपेक्षा जेमतेम एक सूत वर येतात. रिपेला तेवढ्याने काही होत नाही.

भार जास्त म्हणून कोनवासा ५ इंचांचा घ्यायला सांगितलं, तर मात्र तो आणखी इंचभर वर येईल. तेव्हा खालच्या कडा जुळवू नका. बीमच्या कोपऱ्यात त्याची बैठक तेवढी खाली घ्या आणि वरची पातळी जुळवा.

रीपवाला

कौलांचं कोणीच बोललं नाही. चारही पाख्यांचा उतार एकच असल्याने पाख्यांचे त्रिकोण-चौकोन वेगवेगळे मोजायची गरज नाही. आडवं क्षेत्रफळ ÷ कॉस ३० = ८१६ ÷ ०.८६६ = ९४२ चौरस फूट. एका पाख्याचा उतार जरी वेगळा असला तरी ही युक्ती लागू नाही.

दर चौरस फुटाला किती कौलं हे पुस्तकातून घेऊ नका, कारखान्यागणिक फरक पडतो. जी आणणार त्यांतली दहा कौलं जमिनीवर जोडून एका कौलाचा उघडा राहणारा भाग मोजा. समजा तो १२½ × ८ इंच आला, तर १०० चौरस इंच, म्हणजे फुटाला १.४४ कौलं आणि एकूण १३५७. चौपाखीत कोनवाशाच्या दोन्ही अंगांना कौलं तिरपी कापावी लागतात, तुटफूट होते. १५०० मागवा. कोनांवरच्या आणि आढ्यावरच्या कौलांसाठी लांबी १० + ४ × १८.३३ = ८३ फूट. इथे कोनवाशाचं १८.३३ च घ्यायचं, वाशाचं १३.८६ घेतलं तर १८ फुटांची कौलं कमी पडतात.

रिपांचं अंतर उतारावर मोजायचं, आडवं नाही. आडव्या १२½ इंचांनी रिपा ठोकल्या तर उतारावर अंतर १४.४ इंच होतं आणि कौलाचा वरचा दात रिपेवर पोचत नाही.

ओळंबा

शेजारच्या जुन्या घराचा उतार तुमच्याशी जुळवायचा असेल तर अंशांचं ॲप लागत नाही, फोनच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्याने ते अर्धा-एक अंश चुकतंच. २ फुटांची लेव्हल पट्टी घ्या. तिचं वरच्या अंगाचं टोक वाशाच्या वरच्या कडेला टेकवा, बुडबुडा मध्यावर आणा आणि मोकळ्या टोकापासून वाशाच्या त्याच कडेपर्यंत ओळंब्यात उंची मोजा. १३ इंच ७ सूत आली तर ३० अंश, १४ इंच आली तर बाराला सात, १२ इंच आली तर तो सुताराचा "निम्मा" आहे. एकाच वाशावर तीन ठिकाणी मोजा. जुने वासे मध्ये झोल खातात आणि वरच्या व खालच्या टोकाशी वेगळा कोन दाखवतात.

आणि चारही कोनवासे एकदम कापू नका. एक कापा, आढं तात्पुरतं टेकूवर उभं करून चारही कोपऱ्यांना लावून बघा. एका कोपऱ्यात बसला आणि समोरच्यात अर्धा इंच आखूड पडला, तर पाइप दोषी नाही, आढं मध्यावर नाही. तेव्हा आधी आढं सरकवा.